फुटामागे एक सूत

रविवार, ११ जानेवारी. सकाळी साडेदहा. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतला मंडळाचा हॉल.

हजर: विजया, म्हणजे दिनकर मिस्त्री यांची मुलगी, आणि तिचे यजमान. रफिक, जो आमच्या शेजारच्या खोलीत वाढला आणि आता शिरोली एमआयडीसीत स्वतःची छोटी फाउंड्री चालवतो. माझा थोरला भाऊ दत्तात्रय, गारगोटीहून सकाळच्या गाडीने आलेला. घाटगे चाळीतल्या जुन्या बिऱ्हाडांपैकी आणखी अकरा माणसं. टिपणं घ्यायला मी. गैरहजर दोघे, दोघेही गुडघ्यांमुळे. एक कळवून, एक न कळवता.

मिस्त्रीमामा जाऊन पंधरा दिवस झाले होते. दिवसकार्य घरच्यांनी उरकलं होतं. ही बैठक चाळीची होती. चाळ पाडून वीस वर्षं झाली, पण मामांसाठी माणसं जमली. टिपणं घ्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढल्यामुळे मी वही उघडली की बाकीचे निर्धास्त होतात.

दत्तादादा बोलायला उभा राहिला. "मामांचा माझ्यावर लई जीव," तो म्हणाला. "माझं घर बघा येऊन. पाट, मांडणी, पाळणा, देव्हारा, सगळं मामांच्या हातचं. एवढं सख्ख्या लेकीला दिलं नसंल."

"खरं हाय," विजया म्हणाली. "मला एक पोळपाट दिला, त्यो पण मी मागून घेतलेला."

सगळे हसले. दादा पुढे म्हणाला, "आणि माणूस खरं बोलणारा. पोलीस भरतीच्या टायमाला तोंडावर सांगितलं, दत्त्या, अर्धा इंच कमी हायस. दुसरा असता तर गोड बोलून पाठवला असता. मैदानावर माझं हसं झालं असतं की."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी वहीत 'दत्तात्रय यांनी आठवण सांगितली' एवढंच लिहिलं.

त्या वहीत जे लिहिलं नाही ते इथे लिहिते आहे. मामांनी जाण्यापूर्वी माझ्याकडे दादासाठी एक निरोप दिला होता. दादा माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता आणि निरोप अजून माझ्याकडेच होता.

घाटगे चाळीत दहा खोल्या होत्या. आठ खोल्यांतली माणसं फाउंड्रीत कामाला. एकाहत्तरची लढाई संपून तीनचार वर्षं झाली होती, तिथपासूनचं मला आठवतं. खिडक्यांच्या काचांना लढाईत चिकटवलेला काळा कागद कोपऱ्यांत अजून शिल्लक होता आणि आम्ही पोरं तो नखाने खरवडायचो. रॉकेलची रांग, नळाची रांग, संडासाची रांग. रांगेत डबा ठेवून खेळायला जायचं आणि डब्यावर लक्ष ठेवायचं, हे मी आधी शिकले, बाराखडी नंतर. वडील मोल्डर होते, म्हणजे काळ्या वाळूत साचा दाबून त्यात लोखंडाचा रस ओतणारे. ते घरात आले की पाय धुतलेलं पाणी काळं वाहायचं. आई त्याच फाउंड्रीत वाळूचे कोअर, म्हणजे साच्याच्या आत पोकळी राखणारे घट्ट गोळे, करायला जायची. त्या वाळूत काकवी घालत, त्यामुळे आईच्या पदराला जळक्या गुळाचा वास असायचा. मला तो खाऊचा वास वाटायचा. कमी काय आहे याची आम्हाला कल्पना नव्हती, कारण दहाही खोल्यांत तेच कमी होतं.

या आठ जणांत मिस्त्रीमामांचा मान वेगळा. ते पॅटर्नमेकर होते. ऑइल इंजिनाचा कुठलाही भाग लोखंडात ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. ते लाकडी काम मामा करत. बाकीचे काळे होऊन घरी येत, मामा अंगावर भुसा घेऊन येत. उंच, कोरडे, कानामागे पेन्सिल, आणि शर्टाच्या आत शिवून घेतलेल्या लांब खिशात एक फुटाची पोलादी पट्टी. ती पट्टी त्यांना कंपनीने दिली होती. खाली बसताना ते आधी पट्टी सांभाळत, मग गुडघे.

मामी सांगायच्या, "मला बघायला आलते तवा पण पट्टी खिशात हुती. पोहे खाता खाता काढली बाहेर. मला वाटलं, आता मलाच मोजत्यात काय. तर पाट मोजला आमचा. म्हटले, एका बाजूनं दोन सूत उतरलाय."

"उतरला हुताच," मामा म्हणायचे.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मामा इंचात क्वचितच बोलत. त्यांच्या तोंडात कायम सूत. आमच्या चाळीत 'एवढंसं', 'थोडंसं', 'बोटभर' हे शब्द मामांसमोर कोणी वापरत नसे. "अंदाज म्हंजे आळशाचं माप," ते म्हणत. दुसरं वाक्य होतं, "घाईनं कापलेलं लाकूड पुन्हा वाढत न्हाय." रफिकच्या अम्मीने दाराला पडदा शिवायला घेतला तरी आधी मामांना हाक. पडदा मोजून झाल्यावर मामा पट्टी पुसत आणि विचारत, "अजून कुणाचं काय हाय?" पाचदहा मिनिटं थांबत. कोणी ना कोणी काहीतरी घेऊन येई.

पोरांना त्यांनी भोवरे करून दिले. सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांचे, सगळे एका मापाचे. माझा आणि रफिकचा भोवरा अदलाबदल झाला तर ओळखू येत नसे. त्यावरून आमची मारामारी झाली. मामांनी दोन्ही भोवरे मागून घेतले, पट्टीवर ठेवले आणि म्हणाले, "दोन्ही सारखंच हायत. मग भांडताय कशाला? मारामारी करायला काय तरी फरक लागतो." आम्हाला ते पटलं नाही, पण भांडण थांबलं.

काचेची गोष्ट चाळीत सगळ्यांना पाठ होती. मामींच्या आईवडिलांच्या फोटोला मामांनी चौकट केली. आतलं माप घेतलं, बरोबर बारा बाय सोळा. चिठ्ठीवर लिहून काचवाल्याला दिलं. काच आली ती चौकटीत खुळखुळली. एका बाजूला सूतभर फट. मामा चौकट काखेत मारून दुकानात गेले, मागे आम्ही सहासात पोरं.

"पावणं, काच कमी हाय."

काचवाला म्हातारा होता. त्याने आपल्या लाकडी पट्टीने मोजून दाखवली. "बारा बाय सोळा. बघा की डोळ्यांनी."

"मग तुमची पट्टी खोटी."

"बरं. तुमची काढा. दोन्ही शेजारी ठिवू."

मामांनी शर्टावरून खिशावर हात ठेवला. "ही कंपनीची पट्टी हाय. असल्या झिजलेल्या लाकडाशेजारी मी ती ठेवत न्हाय."

काचवाल्याने पट्टी नाकाला लावून पाहिली, मामांकडे पाहिलं आणि नवीन काच सूतभर मोठी कापून दिली. त्यानंतर चाळीतल्या कोणीही त्या दुकानातून काच घेतली नाही. म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं, हे आम्हाला कळायला पुढे बारातेरा वर्षं लागली.

वर्षातून एकदा मामा माणसं मोजत. दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी कारागीर हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात आणि मग दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. मामांचा नेम असा, की पट्टी पूजेला बसण्याआधीचं शेवटचं माप चाळीतल्या पोरांचं. सकाळी अंघोळी करून आम्ही त्यांच्या दाराशी ओळीत उभे राहायचो. चपला काढून, टाचा चौकटीला चिकटवून. डोक्यावर काटकोन्या ठेवून मामा पेन्सिलीने रेघ मारत, खालपासून पट्टीने मोजत आणि आकडा मोठ्याने सांगत. मामी प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत. कोणी टाचा उचलल्या तर मामा खाली न बघता म्हणत, "जमिनीवर या, साहेब." त्या दाराला आम्ही वाढत गेलेलो सगळे दिसायचो. माझी नऊ वर्षांच्या रेघांची उतरंड होती.

दत्तादादाला पोलीस व्हायचं होतं. त्याच्याआधी आमच्या घरातलं कोणी फाउंड्रीबाहेर गेलं नव्हतं. तो पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारायचा, संध्याकाळी कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळायचा. वडील म्हणायचे, "माकड व्हायची भरती हाय काय?" पण दूध त्याला जास्त द्यायला सांगायचे. भरती निघाली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मैदानावर जायच्या आदल्या दिवशी तो मामांकडे गेला. खंडेनवमी नव्हती, तरी मामांनी पट्टी काढली. दोनदा मोजलं. मी दारात उभी होते, तेरा वर्षांची.

"दत्त्या, अर्धा इंच कमी हायस."

"नीट बघा की मामा."

"तिसऱ्यांदा मोजलं तर लाकूड वाढतंय व्हय?"

दादा घरी आला. वडील म्हणाले, "मामानं सांगितलं म्हंजे झालं. तिथं रांगेत उभं राहून नाक कापून घ्यायचं हाय काय?" दादा गेला नाही. पुढच्या महिन्यात तो शिरोलीच्या फाउंड्रीत लागला. तिथे त्याने पस्तीस वर्षं काढली आणि आता सासुरवाडीला, गारगोटीला, पंप दुरुस्त करतो. त्याने कधी तक्रार केली नाही. मापाबद्दल तर नाहीच.

सहा वर्षांनी मला नोकरी लागली. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर माझी उंची दाराच्या मापापेक्षा पाच सुतांनी जास्त आली. मी तो कागद नाचवत मामांकडे गेले. मजा म्हणून.

"मामा, नोकरी लागल्या लागल्या उंची वाढली बघा."

"तिथली पट्टी खोटी आसंल," मामा म्हणाले आणि मला दाराला उभं केलं. त्यांचं माप जुनंच आलं. ते विजयी हसले. मग हसणं तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली, उलटी केली आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली. वीस वर्षं ती अक्षरं त्यांच्या खिशात होती.

मग माझ्याकडून माझी शाळेची प्लास्टिकची पट्टी मागवली. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. मामांची पट्टी सूतभर पुढे गेली होती.

मला त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, शिकाऊ माणसाला सांगावं तसं. लोखंडाचा रस थंड होताना आक्रसतो, फुटामागे एक सूत. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब नको, म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीचे इंचच ताणून मोठे केलेले असतात. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर लांब असतो, मागच्या बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं होतं. कारखान्यात बरोबर. घरी त्याच पट्टीने केलेला पाट, चौकट, भोवरा हेही एकमेकांशी बरोबर, कारण सगळं एकाच पट्टीचं. चूक होणार कुठे, तर त्या पट्टीचा आकडा बाहेरच्या जगात गेला की. काचवाल्याकडे. मैदानावर.

"मला हे म्हाईत न्हवतं असं न्हाय, सुमे," ते म्हणाले. "मीच नव्या पोरांना शिकवतो. रोज शिकवतो. पण हात त्या पट्टीचा झालाय."

ते दाराशी गेले आणि रेघांवरून बोट फिरवू लागले. मला वाटलं माझी रेघ शोधत आहेत. बोट माझ्या रेघेवरून वर गेलं आणि थांबलं.

"पाच फुटांना पाच सूत," ते म्हणाले. "अर्धा इंच म्हंजे चारच. दत्त्या कमी न्हवता. सूतभर जास्तच हुता."

दादा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. भरतीचं वय सरून गेलं होतं.

"मी सांगते त्याला," मी म्हणाले.

"तू बोलायचं न्हाईस. माझी चूक, माझं तोंड."

पुढच्या रविवारी ते दादाकडे गेले. तेव्हा त्याचं नवीन लग्न झालं होतं. परत आल्यावर मी विचारलं, "सांगितलं?"

"वहिनी भाकरी थापत हुती. परात जमिनीवर. मांडणी न्हाय त्यांच्याकडं." आणि ते मांडणी करायला बसले.

मांडणी द्यायला गेले, तेव्हा सांगायचं राहिलं. मग दोन पाट केले. मग थोरल्याच्या वेळचा पाळणा. एकदा ते ठरवून शिरोलीला फाउंड्रीच्या गेटवर गेले, जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे घरचं माणूस आड येणार नाही. दादाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि बरोबरच्यांना बोलावलं. "हे आमचे मामा. उभ्या कोल्हापुरात असं माप कुणाचं न्हाय." मामांना तिथे चहा पाजला गेला. त्या खेपेनंतर देव्हारा झाला. मी यादी ठेवली होती, सवयीने: लहानमोठ्या अकरा वस्तू, सतरा वर्षांत. सगळ्या साध्या पट्टीने मोजलेल्या. जुनी पट्टी ते फक्त कारखान्यात वापरत आणि सुटताना तिथेच कपाटात ठेवून येत. खंडेनवमीला पोरं दाराशी आली तर मामा म्हणत, "आता दवाखान्यात मोजा बाबांनो, तिथं यंत्र हाय." पोरांना वाटलं, म्हातारा कंटाळला.

मामींना माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुझ्या भावाचं घर लाकडानं भरलं की थांबतील."

निवृत्त झाल्यावर, मामी गेल्यावर मामा विजयाकडे राहायला गेले, चौथ्या मजल्यावर. मी महिन्यातून एकदा जायची. हात कापायला लागल्यापासून त्यांनी लाकडाला हात लावला नव्हता. वस्तू थांबल्या, त्याबरोबर काही घेऊन जाण्याचं निमित्तही थांबलं.

शेवटचं मी त्यांना डिसेंबरात पाहिलं, सकाळी. विजयाने त्यांना बाल्कनीतल्या उन्हात बसवलं होतं. स्वेटर, त्यावर टॉवेल, टॉवेलवर बशी. ते बिस्कीट चहात बुडवत होते आणि मोडून पडण्याच्या नेमक्या आधी वर काढत होते. कापणाऱ्या हाताने, एकदाही न चुकता. तीन बिस्किटं झाल्यावर त्यांनी विजया आत गेल्याची खात्री केली.

"सुमे, माझ्यानं झालं न्हाय."

कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही.

"तू सांग दत्त्याला. मी गेल्यावर सांग. म्हणावं, तू कमी न्हवतास. मामा चुकला. आणि म्हणावं, पट्टी मोठी हाय हे मामाला पयल्यापासनं म्हाईत हुतं. ते लपवू नकोस, ते पण सांग."

मी पिशवीतून डायरी काढली.

"लिहून काय हुतंय?" ते म्हणाले. "सांग."

मी डायरी परत ठेवली. त्यांनी चौथं बिस्कीट मागितलं. विजया आतून ओरडली, "आण्णा, शुगर!" मामांनी माझ्याकडे बघून दोन बोटांत चिमटभर जागा धरली, एवढंसं दे, अशी. त्यांनी असं अंदाजाने माप दाखवलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी अर्धं मोडून दिलं. लिफ्टकडे जाताना मागे पाहिलं तर ते बशी तिरकी करून शेवटचा चहा पीत होते.

बैठक पावणेबाराला संपली. दादाला स्टँडवर सोडायला मी गेले. गाडीला वीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो. दादा साठी ओलांडून गेलाय, पाठ थोडी वाकली आहे. त्याने मला मक्याचं कणीस घेऊन दिलं आणि सहज विचारलं, "तू गेलतीस न्हवं डिसेंबरात? मामा काय बोलले शेवटचं?"

समोर गाड्या लागत होत्या. वीस मिनिटं पुरेशी होती. मला दोन वाक्यं सांगायची होती.

"तुझी चौकशी केली," मी म्हणाले.

"करणारच," दादा म्हणाला. त्याला फार बरं वाटलं. कणीस खाता खाता तो थोड्या वेळाने म्हणाला, "खरं सांगू सुमे? फाउंड्रीत ज्या ज्या दिवशी नको वाटायचं, त्या दिवशी मी म्हणायचो, आपल्यात खोट न्हवती, उंचीच कमी पडली. त्याला काय इलाज न्हाय. मग काम व्हायचं."

गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली म्हणून त्याने आतून हात दाखवला. मी गाडीचा नंबर लिहून घेतला, त्याचा काही उपयोग नव्हता.

बैठकीनंतरच्या कामांपैकी हॉलची किल्ली परत दिली. खुर्च्या मोजून दिल्या. विजयाला फोटो पोचवले. न आलेल्या दोघांना फोन केले. दादाला सांगायचं राहिलं आहे.